देल्मारसाहेबांचे चोवीस शिपाई

देल्मारसाहेबांनी सॉसेज खाल्लेल्या तेलकट बोटांनी शिशाचा शिपाई उचलला आणि बाबूरावांनी नाक मुरडलं.

बोटभर उंचीचा शिपाई, दीडशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच फौजेतला. निळ्या डगल्यावरची बटणंसुद्धा बाबूरावांनी चार केसांच्या कुंचल्यानं एकेक करून टिपली होती.

"बॉन!" साहेब मचमच ओठ चाटत म्हणाले. "यंदा मी झकास रंगवलेत."

मी! सहा वर्षं बाबूराव हे ऐकत आले होते. व्हाकोआ गावच्या बसगाड्यांवर नावं रंगवून ते पोट भरायचे, आणि त्यांचं घर साहेबांच्या जमिनीवर होतं. साहेबांच्या क्लबात असल्या फौजा मांडून जुन्या लढाया खेळायचे. वर्षातून एकदा रंगकामाची पारख व्हायची. राबायचं बाबूरावांनी आणि कप न्यायचा साहेबांनी.

तो एक साहेबांनी ठेवून घेतला. उरलेले तेवीस पेटीत घालून बाबूराव घरी आले, तेव्हा त्यांची बायको भगवती उंबऱ्यातच थुंकली.

"त्या पेटीला त्याच्या चिरुटाची घाण मारते. आत नका आणू."

"मला तर माझीच किळस येते गं."

"मग कायतरी करा की! नुसतं नाक मुरडून काय होतंय?"

बाबूरावांनी केलं. चेहरे तेवढे रंगवायचे राहिले होते. तुरीच्या दाण्याएवढं एकेक तोंड. दुसऱ्या दिवशी तो एक शिपाईही मागून आणला आणि चोवीसही जणांना त्यांनी एकच तोंड दिलं, साहेबांचं: लोंबती हनुवटी, लालभडक नाक, ओला खालचा ओठ, डाव्या नाकपुडीखाली चामखीळ. रंगवताना अशी शिसारी आली की दोनदा उठून त्यांनी खळखळून चुळा भरल्या.

साहेबांना चष्म्याची लाज. त्यांना काही दिसणार नव्हतं. दिसेल ते परीक्षकाच्या भिंगाला. सगळा क्लब हसेल, साहेब भडकतील आणि ओरडतील, 'हे मी रंगवलेलं नाही!' तेवढं एकच वाक्य बाबूरावांना हवं होतं. पुढचं ते स्वतः बोलणार होते.

पारखीच्या दिवशी ते पेट्या उचलायच्या निमित्तानं भिंतीशी उभे राहिले. इंग्लंडहून नवा आलेला मेजर एकेक शिपाई भिंगाखाली धरत गेला. चौथ्याला त्याच्या भुवया उंचावल्या. त्यानं साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं, परत शिपायाकडे पाहिलं. मग भिंग हातोहात फिरलं आणि दिवाणखाना हास्यानं दणाणला.

साहेबांनी भिंग हिसकावलं. पाहता पाहता त्यांची मान लाल झाली. त्यांची नजर भिंतीकडे वळली आणि बाबूराव एक पाऊल पुढे सरकले.

"मोस्ये, मला माफ करा," मेजर म्हणाला. "तुम्ही दुसऱ्याकडून रंगवून घेता अशी इथं कुजबुज होती, आणि मीही ती खरी मानली. आज शंका फिटली. स्वतःच्या तोंडाची अशी थट्टा करायला स्वतःचाच हात लागतो."

साहेबांनी रुमालानं मान पुसली.

"वी, मीच," ते म्हणाले, "आरसा समोर ठेवून रंगवले."