उणे चाळीस

शाळेच्या व्हॅनच्या वहीत चौदा नोंदी होत्या. शाळेचे तीस दिवस, त्यांपैकी चौदा दिवस बिघाड. चौदाही वेळा संध्याकाळच्या परतीच्या फेरीत, सव्वापाच ते पाच पंचविसाच्या दरम्यान. तक्रार एकच: इंजिनाच्या तापमानाचा काटा एकदम तळाला जातो, पंखा घोंघावतो, पिवळा दिवा लागतो. मग व्हॅन पाण्याच्या टाकीच्या अलीकडे, सरळ रस्त्यावर, पंधरा-वीस मिनिटं उभी राहते आणि सगळं आपोआप ठीक होतं.

"आपोआप बरं होतं ते दुखणं नसतं, सोंग असतं," आत्या म्हणाली.

आत्याच्या शाळेच्या तीन गाड्या होत्या. ही सगळ्यांत जुनी आणि हिचा ड्रायव्हर गाडीहून जुना. एकोणीस वर्षं तो हीच फेरी मारत होता. मुलं त्याला कॅप्टन म्हणत. आत्याच्या भाचीलाही लहानपणी त्यानेच शाळेत सोडलं होतं. आता ती पदार्थविज्ञान शिकून एका प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणं तपासत होती. दोन मेकॅनिकांनी हात टेकल्यावर आत्याने तिला बोलावलं. बिघाड गाडीत निघाला तर गाडी दुरुस्तीला जाणार. माणसात निघाला तर कॅप्टन सोमवारपासून घरी. आत्याने हे त्याच्या तोंडावरच सांगितलं होतं.

"या, शास्त्रज्ञबाई," म्हणत त्याने बॉनेट उघडलं. तापमानाचा सेन्सर इंजिनाच्या मागच्या अंगाला, नळ्यांखाली दडलेला होता. ती टॉर्च शोधेपर्यंत कॅप्टनने हात आत घातला आणि न बघताच प्लग काढून दाखवला.

एवढा सराव कशाने झाला, हे तिने विचारलं नाही. लक्षात मात्र ठेवलं.

सेन्सर काढून तिने आत्याच्या स्वयंपाकघरात पातेल्यातल्या पाण्यात सोडला, शेजारी थर्मामीटर धरला आणि पाणी तापवत विद्युतरोध मोजणाऱ्या मीटरचे आकडे लिहिले. वीस अंशांना अडीच हजार ओहम, ऐंशीला तीनशे वीस. कंपनीच्या तक्त्यात होतं तसंच. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. वायर हलवल्या, वाकवल्या, आकडा ढिम्म. आत्याची तक्रार इतकीच होती की पातेलं दुधाचं होतं.

मग तिने त्या तीस दिवसांचं हवामान काढलं. बिघाडाचे चौदाही दिवस निरभ्र, उरलेले सोळाही ढगाळ. एकही अपवाद नाही. ऊन, प्रसरण, सैल झालेला जोड. रात्रभर तिला ते अगदी पटलं होतं. सकाळी आठवलं की दुपारच्या फेरीत ऊन जास्त असतं आणि बिघाड शून्य.

कुणाला न सांगता तिने प्लग आणि सेन्सर यांच्या जोडावर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली आणि डॅशबोर्डखाली नोंदी घेणारं छोटं यंत्र बसवलं.

दुसऱ्या दिवशी वहीत पंधरावी नोंद पडली. रेघ तुटलेली होती. यंत्रातली नोंद त्याहून स्पष्ट होती. पाच सतरा आणि दहा सेकंद: वेग शून्य. पाच सतरा आणि बावन्न सेकंद: तापमान अठ्ठ्याऐंशीवरून उणे चाळीस. कुठलंही इंजिन क्षणात एवढं गार होत नाही. सेन्सरची तार सुटली की गाडी हाच आकडा दाखवते. म्हणजे गाडी आधी थांबली होती आणि बिघाड बेचाळीस सेकंदांनी आला होता.

व्हॅनमधल्या थोरल्या मुलीला तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. मुलगी म्हणाली, कॅप्टन बॉनेट उघडतो, बंद करतो आणि मग डोळ्यांवर रुमाल टाकून पायरीवर बसून राहतो; निघताना बॉनेट पुन्हा एकदा उघडतो. काही विचारलं तर म्हणतो, इंजिन निवतंय.

"नऊ पोरं गाडीत, आणि हा डुलक्या काढतोय," आत्या म्हणाली. पितो की काय, डिझेल विकतो की काय, अशाही शंका तिने काढल्या. भाचीने डिझेल मोजलं होतं. थेंबाचा फरक नव्हता. सीटखाली, टपावर, पत्र्याच्या पेटीत पाहिलं होतं, बाटली नव्हती.

"झोपणारा माणूस ढगाळ दिवशीही झोपला असता, आत्या."

"तुझं शास्त्र तुझ्यापाशी. सोमवारी दुसरा ड्रायव्हर येतोय."

तिने एक दिवस मागून घेतला.

शनिवारी शाळेला सुट्टी होती. आकाशात एक ढग नव्हता. पाच वाजता ती कॅप्टनच्या शेजारी बसली आणि नेहमीची फेरी मारायला सांगितली. टाकीकडे जाणारा रस्ता लागला तसं ऊन थेट समोरून आलं आणि तिने डोळ्यांवर हात धरला. कॅप्टनने गाडी कडेला घेऊन थांबवली आणि बॉनेटच्या खटक्याकडे हात नेला.

"प्लग राहू द्या, काका. आज मुलं नाहीत."

त्याने हात मागे घेतला. मग विचारलं, "आत्याला काय सांगणार आहेस?"

"तुम्हीच सांगा, काय सांगू."

"सांग, इंजिन तापतं."

"अठ्ठ्याऐंशी आहे."

ती वही घेऊन उतरली, गाडीपुढे वीस पावलं मोजत गेली आणि वळून उभी राहिली. सूर्य आता तिच्या पाठीशी होता. हात वर करून तिने किती बोटं ते विचारलं. दर वेळी बोटं बदलत दहा वेळा विचारलं. मग ती तिथेच उभी राहिली. सूर्य टाकीआड जायला सतरा मिनिटं लागली. तिने पुन्हा दहा वेळा विचारलं आणि वहीत सोळावी नोंद केली. सूर्य समोर असताना: दहापैकी दोन बरोबर. सूर्य टाकीआड गेल्यावर: दहापैकी दहा.