समाधान शून्य

सकाळी सकाळी मोटार कंपनीची मृण्मयी कोल्हापुरात चौगुल्यांच्या दारात हजर, चक्क गाडी परत न्यायला! या नव्या इलेक्ट्रिक गाड्या मालकाचं बोलणं ऐकून त्याचं समाधान मोजायच्या, आणि विलास चौगुल्यांचं आलं होतं शंभरपैकी थेट शून्य. नाराज गिऱ्हाइकाकडे गाडी ठेवायचीच नाही, असा कंपनीचा नियम.

"शून्य?" विलासराव उडालेच. "अगं, जीव हाय माझा तिच्यात!"

"पण काका, तुम्ही तिला रोज 'म्हशे' म्हणता. काल म्हणालात, 'चल की भवाने, झोपलीस व्हय?'"

"मग काय आरती ओवाळू?"

तेवढ्यात त्यांच्या पत्नी, रंजनाकाकू, चहा घेऊन आल्या. "पोरी, हे मलाबी लग्नापासून असंच बोलतात. ज्याच्याशी गोड बोलतात ना, तो ह्यांना अजिबात आवडत नसतो."

मृण्मयीला हसू फुटलं. "पण आकडा वर गेला, तरच मला गाडी सोडता येईल."

विलासराव गाडीपुढे गेले आणि चक्क हात जोडले. "मॅडम, आपण फार छान चालता. कृपया जाऊ नये."

गाडीच्या पडद्यावर आकडा शून्यच! गाडीनेही काकूंचं बोलणं ऐकलं होतं ना!

मृण्मयीने न्यायला म्हणून गाडीच्या दाराला हात घातला, तसे विलासराव ओरडलेच, "ए म्हशे! दारातनं हाललीस तर तंगडं मोडीन!"

आकडा टुणकन शंभरावर. दार आपोआप उघडलं आणि गाडी म्हणाली, "तंगडं हाय कुठं मला? चाकं हायत. बस की गुमान!"