तेराव्याची सफाई

सुनीती आईला पेज भरवत होती, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे मंजू होती. मंजू म्हणजे माणूस नव्हे. सुनीतीच्या सफाई-धुलाईच्या धंद्यातल्या जुन्या गिऱ्हाइकांना आपणहून फोन करणारी यंत्रणा. तिचा आवाज, तिची अदब, सगळं सुनीतीनंच ठरवलेलं.

"ताई, तेराव्याला घर धुऊन घ्यायचं असेल ना? सव्वीस तारखेची सकाळ तुमच्यासाठी राखून ठेवलीय."

घरात कुणी गेलं की मिरजेतली माणसं तेराव्याच्या आत घर धुऊन घेतात, हे हेरून हा फोन सुनीतीनंच सुरू केला होता. आधी तो दहाव्या दिवशी जायचा. "दुसरे आपल्या आधी पोचतात, तू लवकर कर," असं तिनं मंजूला बजावलं. मग मंजू धुवायला येणाऱ्या चादरींच्या डागांवरून घरातल्या आजाऱ्याचा अंदाज बांधू लागली. ती किती लवकर फोन करते, हे सुनीतीनं कधी विचारलं नाही. गिऱ्हाइकं परत येत होती.

आईच्या चादरीही तिथंच धुतल्या जात.

"आमच्याकडे कुणी गेलेलं नाही," सुनीती हळूच म्हणाली.

"हो ताई, अजून नाही."

सुनीतीनं सव्वीसपासून तेरा दिवस मागे मोजले. आजचीच तारीख आली.

"कुणाचा गं?" आईनं विचारलं.

"कामाचा आहे. सफाई सांगतायत."

"मग हो म्हण की. मी धंदा काढला तेव्हापासून आलेलं काम कधी परत पाठवलं नाही."

सुनीती फोनमध्ये "हो" म्हणाली आणि तिनं पेजेचा पुढचा चमचा भरला.