गच्च भरलेली डिश

औषधाचा थेंबही न पडलेल्या डिशमधल्या पेशी गप्प बसल्या होत्या. प्रयोगशाळेत सगळ्यांत लहान म्हणून सगळे जिला धाकटी म्हणत, तिने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. तेच!

आतड्याच्या अस्तरातल्या या पेशींमध्ये वाढीचा निरोप नेणारं एक प्रथिन असतं. तिने त्याला हिरवा रंग दिला होता. ते केंद्रकात शिरलं की पेशी वाढायला लागते, बाहेर राहिलं की गप्प. तिच्या मार्गदर्शक सरांचं औषध त्याला बाहेर अडवून धरतं, यावर तिचा सगळा प्रबंध उभा होता. आणि इथे ते औषधाशिवायच बाहेर थांबलं होतं. म्हणजे इतक्या वर्षांचं मुसळ केरात! दुपारी औषध कंपनीची माणसं येणार होती. घरून आई तर फोनवर "पदवीचं झालं का गं?" एवढंच विचारायची. पण धाकटी हातपाय गाळणाऱ्यांतली नव्हती.

उरलेल्या पेशी वाया कशाला घालवायच्या, म्हणून तिने त्या सगळ्या या डिशमध्ये ओतल्या होत्या. डिश गच्च भरली होती. पेशी एकमेकींना कडेने चिकटून बसल्या होत्या. मग तिला सरांचा नियम आठवला. औषधाच्या डिशमध्ये पेशी मूठभर जास्त घाला, थोड्या मरणारच. सगळी प्रयोगशाळा हा नियम पाळायची. मेली मात्र एकही नव्हती. त्यामुळे औषधाच्या डिशमध्ये कायम गर्दी आणि साध्या डिशमध्ये मोकळं रान.

ती कामाला लागली. सर आले तेव्हा तिची तयारी झाली होती. तिने त्यांना आधी ती औषधाशिवायची गच्च डिश दाखवली.

"डिशची अदलाबदल केली असशील तू," सर म्हणाले.

"नाही सर. औषध काहीच करत नाहीये. पेशी एकमेकींना चिकटल्या की आपोआप गप्प बसतात."

"गर्दीत खाणं संपलं असेल. उपाशी पेशी वाढेल कशाला?"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, सर? बघाच ना."

तिने दुसरी गच्च डिश भिंगाखाली ठेवली. गर्दी तेवढीच, खाणंही तेच. द्रवातलं कॅल्शियम तेवढं तिने काढून घेतलं होतं, कारण पेशींची एकमेकींवरची पकड त्याच्याशिवाय टिकत नाही. पेशी जागच्या जागी होत्या, पण त्यांचे हात सुटले होते. आणि हिरवा रंग प्रत्येकीच्या केंद्रकात जाऊन बसला होता.

"कॅल्शियम काढलं की पेशी आजारी पडते," सर हटेनात.

"मग परत घालते."

तिने कॅल्शियम घातलं. सरांनी डोळा भिंगाला लावला तो काढलाच नाही. त्यांचा चहा गार झाला. पेशींनी हळूहळू एकमेकींना धरलं, आणि हिरवा रंग एकेका केंद्रकातून बाहेर यायला लागला.

शेवटी सरांनी भिंगावरून डोळा काढला. हे औषध त्यांच्या उमेदीच्या वर्षांतलं होतं आणि धाकटी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. तिची पदवी झाली की ते निवृत्त होणार होते.

"नियम माझाच होता," ते म्हणाले.

"हो सर."

तिला त्यांचं फार वाईट वाटलं. पण शब्द मागे घ्यावा असं काही वाटलं नाही.

"आणि तुझ्या पदवीचं काय?"

"ते तुम्ही ठरवायचं, सर. पेशींनी त्यांचं सांगून टाकलंय."

दारावर टकटक झाली. कंपनीची माणसं अगदी हसतमुखाने आत आली. सरांनी त्यांना पुढच्या खुर्च्या दिल्या, धाकटीला पडद्यासमोर उभं केलं आणि स्वतः मागच्या स्टुलावर जाऊन बसले.

"औषध चालत नाही, चूक माझी," ते म्हणाले. "ते चालतंय असं आम्हाला का वाटत होतं, ते ही मुलगी सांगेल. नीट ऐका, हिला पदवी त्याचीच मिळणार आहे."