कालव्याचं तोंड

सेवेरा कालव्याच्या तोंडात फतकल मारून बसली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती.

रोमला वेढा घालून बसलेल्या गॉथांनी वेशीबाहेर कालव्याच्या कमानी फोडल्या, पाणी तुटलं आणि टेकडीवरच्या सगळ्या पाणचक्क्या गप्प झाल्या. सेवेराचीही. कुठे फोडलंय ते बघायला तिचा वितालिस सकाळी एक दिवा घेऊन बोगद्यासारख्या कोरड्या कालव्यात शिरला होता, वाकत वाकत, एकटाच. आता ऊन कललं होतं, आणि तोंड बुजवायला शिपाई आले होते. पाणी थांबलं की त्या वाटेनं माणसं येतात.

"ऊठ म्हातारे," शिपायांचा नाईक म्हणाला.

"म्हातारी तुझी आई. माझा पोरगा आत आहे."

"उद्या गॉथ आत असतील."

"मग उद्या ये."

गवंडी तिच्याच गल्लीतला, उर्सो. विटांच्या ढिगाशी चुना घेऊन उकिडवा बसला होता. "मावशी, पाण्याशिवाय चुना कालवू कसा? तुझ्या चाकाखालच्या खड्ड्यात राहिलंय तेवढंच पाणी."

"त्याला हात लाव, मनगट मोडते की नाही बघ."

नाईकानं तिचा दंड धरला. तेवढ्यात आत, खूप लांब, उजेड हलला.

"आला!" सेवेरा ताडकन उठली. "सोड रे मेल्या! गॉथ म्हणे. हा बघ, आला माझा गॉथ! वितालिस! अरे, वितालिस!"

तिचीच हाक आत घुमत गेली. ओ आली नाही. उजेडाच्या मागे दुसरा उजेड दिसला. मग तिसरा. मग मोजायला कुणी थांबलं नाही.

उर्सो हळूच म्हणाला, "मावशी, गॉथांनी त्यालाच वाट दाखवायला पुढं घातलं असेल तर?"

सेवेरानं वळून पाहिलं. खाली गल्लीत बायका गव्हाची गाठोडी घेऊन अजून चक्की सुरू व्हायची वाट बघत बसल्या होत्या. पोरं बंद चाकावर चढून खेळत होती.

ती खड्ड्यात उतरली. घागर भरून आणली आणि चुन्याशी आदळली.

"कालव."

शिपाई विटा देत होते, उर्सो बसवत होता. सेवेरा पाणी आणत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. वर उरलेल्या फटीतून आतल्या दिव्यांचा उजेड तांबूस होत गेला, तिच्या तोंडावर पडायला लागला. ती बाजूला झाली नाही. शेवटची वीट बसली तेव्हा तो गेला.

मग आतून थाप पडली. विटेवर, उघड्या तळव्याची. आणखी एक.

उर्सोची थापी हवेतच राहिली. नाईकानंसुद्धा मान खाली घातली.

"थांबलास कशाला?" सेवेरा म्हणाली. "चुना सुकतोय."