माणिकची बारा चित्रं

नरहर गुरुजी डाव्या हातानं बैल काढत होते. उजव्या हातानं काढला की तो पाठ्यपुस्तकातला बैल व्हायचा, आणि सहा वर्षांच्या पोराचा बैल एवढा शहाणा नसतो. रविवार होता. समुद्रपूरजवळच्या त्या गावातली शाळा रिकामी होती आणि आनंदाबाई भावाकडे आष्टीला गेल्या होत्या. त्या परत यायला तीन दिवस होते. चित्रं बारा काढायची होती.

आयुष्यभर पोरांना कॉपी करू नका म्हणून छडी दाखवलेला हा माणूस. आज स्वतःच्या मेलेल्या मुलाची कॉपी करत बसला होता आणि मान वर करून दाराकडे बघायचीही त्याला लाज वाटत होती.

माणिक गेला तेव्हा गुरुजी घरी नव्हते. शाळेतली पोरं घेऊन ते पचमढीला स्काउटच्या शिबिराला गेले होते. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी वर्ध्याहून मेणखडूंची नवी पेटी आणून पोराच्या हातात दिली. चार दिवसांनी त्याला ताप भरला, पाचव्या दिवशी सगळं आटोपलं. तार शिबिरात उशिरा पोचली. गुरुजी घरी आले तोवर पोराला माती देऊन चार दिवस झाले होते. रीतीप्रमाणे त्याचा भोवरा आणि नवी चड्डी त्याच्याबरोबर दिली, एवढं शेजारच्या जिजाबाईंनी सांगितलं.

पण गुरुजींना खात होतं ते वेगळंच. पोरगं रोज चित्र घेऊन समोर उभं राहायचं आणि हे वह्या तपासता तपासता म्हणायचे, "मंग पाह्यतो." कागद परत जायचा. एकदाही त्यांनी तो हातात घेतला नव्हता.

म्हणून आल्या आल्या त्यांनी बायकोकडे चित्रं मागितली. रडत, पुन्हा पुन्हा मागितली. आनंदाबाई उठून चुलीकडे गेल्या. पंधरा दिवसांनी, पाहुणे पांगल्यावर, त्यांनी ट्रंकेतून बारा कागद काढून नवऱ्यापुढे ठेवले. बैल होता, विहीर होती, सायकलवर बसलेले बाबा होते. बाबांचे पाय पॅडलपर्यंत पोचत नव्हते.

त्या दिवसापासून गुरुजींनी चित्रांचं वेडच घेतलं. बुटांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले, कणकेची खळ शिजवली, एकेक कागद पुठ्ठ्यावर चिकटवला. जुन्या कॅलेंडरांच्या पत्र्याच्या पट्ट्या काढून पुठ्ठ्यांच्या माथ्यावर ठोकल्या. दोन चित्रं भिंतीवर, बाकीची दहा, दोन जाड पुठ्ठ्यांच्या बस्त्यात, वरून नाडीची गाठ. दर रविवारी भिंतीवरची जोडी बदलायची. शाळेची रजिस्टरं बांधणाऱ्या रामाजीनं बजावलं होतं, "खळीत मोरचूद टाकजा गुरुजी, नाई तं वाळवी लागते." दुकानात त्या दिवशी मोरचूद नव्हता. गुरुजींना थांबणं जमलं नाही. जो माणूस सहा वर्षं 'मंग' म्हणत आला, त्याला आता एक दिवस धीर धरवेना.

आनंदाबाई मात्र त्या भिंतीकडे पाठ करूनच तांदूळ निवडायच्या. आईचं काळीज, तिला बघवत नसणार, असं गुरुजींना वाटायचं.

पावसाळ्यात भिंतीला ओल धरली, म्हणून सगळी चित्रं बस्त्यात बांधून पलंगाखाली सरकवली. आनंदाबाई आष्टीला गेल्या त्या दिवशी त्यांनी नाडी सोडली, तर आत मातीचे ओघळ आणि कागदाचा भुगा. सायकलवरच्या बाबांची एक टोपी तेवढी उरली होती.

गुरुजी जमिनीवर बसले ते तासभर उठलेच नाहीत. पोरगं जिवंत असताना त्याच्याकडे पाहिलं नाही आणि गेल्यावर जे राहिलं तेही राखता आलं नाही. आता बायकोला कोणत्या तोंडानं सांगायचं? तिच्याजवळ दुसरं होतं काय?

बारा चित्रं त्यांना तोंडपाठ होती. त्यांनी माणिकची मेणखडूंची पेटी काढली. उघडली तर आत नुसते तुकडे. नवी कोरी पेटी पोरानं चार दिवसांत झिजवली होती. किती काढत बसलं असेल बिचारं! तेच तुकडे खिशात घालून ते शाळेत आले.

या खेपेला खळीत मोरचूद टाकायला ते विसरले नाहीत. भिंत आता सुकली होती; बैल आणि विहीर त्यांनी पुन्हा तिच्यावर लावले.

आनंदाबाई परतल्या. पिशवी खाली ठेवली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच भिंतीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. बैलाकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तशाच पाय धुवायला गेल्या.

तिनं ओळखलं, हे गुरुजींना त्याच क्षणी कळलं. तिथून पुढे त्यांना घास गिळवेना. तिनं विचारावं, भांडावं, निदान एकदा हंबरडा फोडावा, अशी ते वाट पाहत राहिले. ती नेहमीसारखी ताट वाढत होती.

दिवाळीआधी चुन्याचा हात द्यायचा होता. आनंदाबाईंनी हलक्या आवाजात सांगितलं, चित्रं काढून घ्या आणि परत लावू नका.

गुरुजींनी दोन्ही पुठ्ठे उतरवले आणि ते छातीशी धरून तिच्यापुढे खालीच बसले.

"हे मानिकचे नाईत," ते म्हणाले. "मी काढले. मोरचूद टाकला नाई मी, त्याचे समदे वाळवीनं खाल्ले. तुह्या लेकराची येवढीच निशानी होती, मी तेबी राखली नाई. तुले सांगाची हिंमत नाई झाली."

आनंदाबाईंनी पुठ्ठे त्यांच्या हातातून काढून बाजूला ठेवले.

"तुमी रडून राह्यले होते," त्या म्हणाल्या. "चित्र दे, चित्र दे करत होते. मंग मले सांगवलं नाई. मानिकचे तं समदे मी त्याच्या उशाशी ठेवले होते, मातीत. वाळवीनं खाल्ले, ते माह्या हातचे होते."