पाय जपायचे आहेत

आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, अशा तिहेरी शर्यतीसाठी ह्यांनी वर्षभर घाम गाळला. शर्यतीला आठवडा उरला, तेव्हा कोचनं बजावलं, "तयारी झाली. आता फक्त पायांना जपायचं." तेव्हापासून ह्यांचे पाय म्हणजे घरातलं तान्हं बाळच झालं. पाण्याचा पेलासुद्धा हातात नेऊन द्यायचा. सासूबाई म्हणाल्या, "घे गं सांभाळून, वर्षभर राबलाय तो." मी बरं म्हटलं.

शर्यतीच्या दिवशी पहाटेची प्रार्थना आटोपून मी दार उघडलं, तर लिफ्ट बंद! आमचं घर आठव्या मजल्यावर. हे उंबरठ्यातच थबकले.

"जिना? आणि आज? अगं, मांड्या भरून आल्या तर सगळी मेहनत पाण्यात जाईल!"

शर्यत सुरू व्हायला तासच उरला होता. मग भावजींनी सायकल खांद्यावर घेतली, कपड्या-बुटांची पिशवी मी घेतली आणि पाण्याच्या बाटल्या पोटाशी धरून सासूबाईही निघाल्या. मजल्यामजल्यावर टेकत, कठडा धरत आम्ही एकदाचे खाली पोचलो. भावजी पायरीवर बसकण मारून म्हणाले, "वहिनी, पदक आपल्याच गळ्यात घालायला सांगा."

तेवढ्यात ह्यांचा फोन आला.



"सामान नीट पोचलं ना? मग आता सगळे वर या, मला न्यायला."